अख्ख्या बाटल्या

“काकू, एकही बाटली चेपायची नाही. चेपलेली दिसली की यंत्र घेतच नाही,” मुकादम तिसऱ्यांदा बजावत होता.

“अरे, कळलं! कालची आलेय का मी इथे?” काकू म्हणाल्या.

बागेच्या फाटकाशी रिकाम्या बाटल्या गोळा करणारं नवं यंत्र बसलं होतं. बाटली आत सरकवली की ते तिच्यावरच्या रेघा वाचणार आणि मगच पोटात घेणार, असा त्याचा थाट. दहा वाजता कंपनीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर सगळं नीट पार पडलं, तर काकूंची नेमणूक यंत्रापाशीच. नाहीतर गावाबाहेर, कचरा निवडायच्या शेडमध्ये. तिथे नवऱ्याला, म्हणजे काकांना, नेता येणार नव्हतं, आणि त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. मागच्याच महिन्यात ते दार सताड उघडं टाकून चालू लागले होते. बागेतल्या बाकावर मात्र निवांत बसत. काकूंचा सगळा जीव त्या बाकात अडकला होता.

बाग तशी मूळची काकांचीच. तीस वर्षं त्यांनी इथले कचऱ्याचे डबे उपसले होते. बूच काढायचं, उरलंसुरलं गवतावर ओतायचं, बाटली आडवी धरून टाच बरोबर मधोमध हाणायची. चार पोत्यांचा माल एका पोत्यात! मुकादमाला हे काम त्यांनीच शिकवलेलं. आता त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नसे.

काकूंनी सकाळभर वेचलेल्या अख्ख्या बाटल्यांची पोती बाकाशेजारी ठेवली आणि त्या यंत्राची काच पुसायला गेल्या. परत येऊन बघतात तर काका घामाघूम, आणि फुगलेली पोती चपटी झालेली.

“अगं, एवढा माल तसाच टाकून गेलीस? मी होतो म्हणून बरं!”

चार शब्द सुनावायला काकूंनी तोंड उघडलं. पण कित्येक दिवसांत काकांचा चेहरा असा फुललेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पदरानं काकांचा घाम टिपला.

तेवढ्यात दहा वाजले. साहेबांसमोर यंत्रानं पहिली बाटली परत दिली. दुसरी दिली. तिसरीही.

“कुणाचा हा अडाणीपणा?” साहेब कडाडले.

मुकादमानं एक बाटली उलटसुलट करून पाहिली. टाच बरोबर मधोमध. त्याची नजर बाकाकडे वळली.

“माझाच,” काकू पुढे होत म्हणाल्या. “जुनी सवय, साहेब. पाय ऐकत नाही.”

मुकादम काही बोलणार, तोच काकूंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. नवऱ्याला या बागेत कुणी अडाणी म्हटलेलं त्यांना सोसलं नसतं.

“उद्यापासून यांना शेडवर पाठवा,” साहेब म्हणाले.

काकू बाकापाशी आल्या.

“काय म्हणाले गं साहेब?”

“काम चोख आहे म्हणाले.”

“म्हणणारच. उद्या जरा लवकर येऊ.”

“येऊ हं,” काकू म्हणाल्या, आणि खाली बसून काकांच्या चपलेला चिकटलेला बाटलीवरचा कागद नखानं सोडवू लागल्या.