बसायला मनाई असलेली खुर्ची

मित्रांनो, मी परीक्षेच्या वर्गातील एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि माझ्यावर बसण्यास मनाई आहे. हा विनोद नव्हे. भोसरीतील एका शाळेचा तो नियम आहे.

दापोडीच्या एका गल्लीत अर्जुनराव सुतारांनी मला घडवले. पाठीचा बाक मनासारखा होईपर्यंत ते तासत राहिले. मग पहिल्यांदा त्यांनी आपल्या पत्नीला, मंजुळाबाईंना, माझ्यावर बसवले आणि कसे वाटते ते विचारले.

"उठू वाटंना," बाई म्हणाल्या. एखाद्या खुर्चीला याहून मोठे प्रशस्तिपत्र नसते.

शाळेत आरंभी माझा मान होता. शिक्षक माझ्यावर बसून वह्या तपासत. मुले माझ्या हातांवर रेलून शंका विचारत. पुढे वर्गात कॅमेरा आला. पर्यवेक्षक बसले की मुले कॉपी करतात, असा सिद्धान्त मुख्याध्यापक दादासाहेबांनी मांडला, अर्थात, बसून. तेव्हापासून परीक्षेत मी फळ्याजवळ मांडली जाई, ती तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पाहुणे क्वचितच येत.

माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्यांत योगिनी मॅडम होत्या. इतिहासाच्या एम.ए., बी.एड. शाळेला त्यांची आठवण केवळ परीक्षेच्या दिवसांत होई. त्या कुरुळीहून दोन वाहने बदलून येत. जूनमध्ये इतिहासाची एक कायम जागा भरायची होती आणि दादासाहेबांनी त्यांचा विचार करू, असे सांगितले होते. त्या विचाराच्या आशेवर मॅडम तीन वर्षे उभ्या होत्या.

यंदाच्या मार्चमध्ये त्यांना सातवा महिना होता. कळले तर परीक्षेलाही बोलावणार नाहीत, या भीतीने त्या पदर सैल घेत. पाणी वाटणाऱ्या सोजरबाईंच्या नजरेतून मात्र ते सुटले नाही.

"टेक की घडीभर, पोरी. पाय बघ कसं सुजल्यात."

"मावशी, जूनपर्यंत उभी राहू दे मला."

बीजगणिताच्या पेपरला त्यांना अंधारी आली. त्यांनी माझा हात धरला आणि त्या बसल्या. मित्रांनो, मी सुखावले. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीला कुणाची पाठ टेकली होती. दोन जिवांचा भार मी पेलत होते. याचसाठी तर अर्जुनरावांनी मला तासले होते. इतक्यात शेवटच्या बाकावरच्या दिव्या नावाच्या मुलीने पुरवणी मागितली. मॅडम लगेच उठल्या, पुरवणी दिली आणि मग उभ्याच राहिल्या.

पेपर संपताच दादासाहेब आले.

"मॅडम, तुम्ही बसलात."

"चक्कर आली, सर. मिनिटभरच."

"मुलं दोन तास लिहितात. त्यांना नाही येत चक्कर."

"सर, मला सातवा महिना आहे."

दादासाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "मग उत्तमच झालं. आता घरी निवांत बसा. जूनचं आम्ही बघतो."

कॅमेऱ्याने त्यांचे उभे राहणेही टिपले असणारच. ते कुणी लावून पाहिले नाही.

माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा क्षण त्यांची आशा घेऊन गेला. पुन्हा कुणाला मोह होऊ नये म्हणून मला जिन्याखाली टाकण्यात आले. जूनमध्ये ती जागा भरल्याचे पेढे शाळेत वाटले गेले. सोजरबाईंनी आपल्या वाट्याचा पेढा न खाता माझ्यावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. तो मुंग्यांनी नेला.

मला पॉलिश करा, माझा तुटका वेत विणून घ्या, असे मी मागत नाही. पुढच्या परीक्षेत तुम्हाला बजावले जाईल की इकडेतिकडे पाहू नका. तरीही एकदा मान वर करून पाहा. बाकांमधून कुणीतरी पावलांचा आवाज होऊ न देता फिरत असेल. आणि तुमच्यातले काही जण पुढे मोठे होऊन गुबगुबीत, फिरत्या खुर्च्यांवर बसतील, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी एवढेच म्हणा, "बसा."