वगदींचा चौकोन

वगदी बिशारा जाऊन चार महिने होत आले होते, पण हे कंपनीतल्या संगणकांना कुणी सांगितलंच नव्हतं. अलेक्झांड्रियातल्या त्या खासगी रुग्णवाहिका कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर त्यांनीच रचलेलं. फोन घेणं, जवळची गाडी शोधणं, इस्पितळात खाट बघणं, अशा प्रत्येक कामाला वेगळी यंत्रणा, आणि आराखड्यात सगळ्यांच्या मधोमध एक बिननावाचा चौकोन. कुठलीही यंत्रणा पाऊल उचलण्याआधी त्या चौकोनाला विचारायची. तो हो म्हणाला तर पुढे. ऑफिसातल्या पोरांनी गमतीने चौकोनालाच वगदी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटलं. पडद्यावर सारखी ओळ उमटत राहायची: वगदी हजर.

म्हातारा जिवंत होता तेव्हा या ओळीला सगळे हसायचे. आता कुणी हसत नव्हतं.

इनास रशवान त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती आणि आता त्यांच्या जागी आर्किटेक्ट होती. नावापुरतीच म्हणा, कारण त्यांच्या खोलीत बसायची तिची छाती झाली नव्हती. त्यांनी लिहिलेलं काही उघडलं की कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं तिला वाटायचं. एकदोनदा तिने चक्क मान वळवून बघितलं होतं. तिला भीती वाटत होती, साधी लहान मुलांना वाटते तशी, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती.

मालकीण मादाम मुशीरा यांना असलं काही वाटत नव्हतं. "मेलेल्या माणसाच्या भरवशावर माझी कंपनी चालणार नाही," त्यांनी इनासला बजावलं. "तो चौकोन काढ. पण एकही फोन वाया गेला ना, तर गाठ माझ्याशी आहे."

चौकोन काढायचा म्हणजे थोडा वेळ सगळं थांबवावं लागणार होतं. तिच्या हाताखालच्या शेहाबने मागच्या सगळ्या वर्षांचे आलेख काढून बरोबर वेळ शोधली. रमजानात सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली, रोजा सुटला की पुढचा तासभर फोनची रेघ पार तळाला जायची, दर वर्षी, दर दिवशी.

"बघ," तो म्हणाला. "अख्खं गाव ताटावर तुटून पडलेलं असतं. आजारी पडायला सवड आहे कुणाला?"

इनासला ते पटलं. आपल्याच गावाबद्दलची गोष्ट, तिला कशी पटणार नाही?

ठरलेल्या दिवशी ऑफिस दुपारीच रिकामं झालं. दिवस कलला तशा ट्राम थांबल्या, समुद्राकाठचा रस्ता ओस पडला, आणि गाव असं गप्प झालं की खिडकीची काच थरथरलेलीही ऐकू येत होती. राखणदार अम्म शहाता, म्हणजे सगळ्यांचा शहाताकाका, खजूर घेऊन आला आणि दाराशीच घुटमळला. इंजिनियर म्हणून इनासला तो बाशमुहंदिसा म्हणायचा.

"बाशमुहंदिसा, रोजा इथेच सोडणार?"

"हो, अम्म शहाता. काम आहे."

"करा की. फक्त त्या खोलीत जाऊ नका."

"का हो?"

"मगरिबला तिथला फोन वाजतो. रमजान लागल्यापासून रोज. मी बिस्मिल्ला म्हणतो आणि टीव्ही मोठा करतो."

शेहाब खो खो हसला. "उचलायचा ना! साहेबांचा काही निरोप असेल."

"तूच उचल, एवढा शूर आहेस तर. मला नाही जायचं त्यांच्या सोबतीला."

तेवढ्यात रोजा सुटल्याची तोफ झाली, बांग सुरू झाली. शेहाबने खजूर तोंडात टाकला आणि सगळं थांबवायच्या बटणाकडे हात नेला. आणि बंद खोलीत फोन वाजू लागला.

"थांब!" इनास ओरडली. "हात लावू नकोस."

दार उघडून ती आत गेली. खुर्चीवर त्यांचा राखी स्वेटर तसाच होता. तिने फोन उचलला.

"वगदीसाहेब?" एक म्हातारी बाई बोलत होती.

"मी त्यांच्या जागी आहे, हाज्जा. ते वारले."

"अरे देवा! अल्ला त्यांच्यावर रहम करो. रमजानात या वेळेला तेच तर उचलायचे. म्हणायचे, गाडीवाले जेवायला बसलेत हो, पण घाबरू नका, मी उठवतो एकेकाला."

इनास त्याच खुर्चीत बसली. वगदी कॉप्ट, म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती, त्यांना रोजा नव्हता. दर रमजानात ते सगळ्यांना घरी पिटाळायचे, तिलासुद्धा, आणि कोण थांबणार हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता तिला उलगडा झाला: इफ्तारला, रोजा सोडताना, ड्रायव्हर आपापली यंत्रं बाजूला ठेवायचे, म्हणून त्या तासाचे फोन चौकोन गुपचूप या टेबलावर पाठवायचा आणि म्हातारा ड्रायव्हरांना नावानिशी फोन करून गाड्या हलवायचा. ते फोन आलेखात कधी आलेच नाहीत. आणि या रमजानात ते रोज याच रिकाम्या खोलीत वाजत राहिले होते. त्या क्षणी तिला वगदींचा भयंकर राग आला. एक ओळ लिहून ठेवायला काय झालं होतं? आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला.

"पत्ता सांगा हाज्जा, गाडी लगेच पाठवते."

"आता गाडी नको, बेटी. परवा हवी होती, आमच्या ह्यांच्यासाठी. खूप वेळ घंटा वाजली. मग शेजाऱ्यांनी टॅक्सी आणली, पण उशीर झाला." बाईंनी श्वास घेतला. "आज एवढंच विचारायला फोन केला. त्या दिवशी तिथे कुणी होतं का?"

लाइन बिघडली होती असं म्हणता आलं असतं. इनासच्या जिभेवरही आलं होतं.

"नाही, हाज्जा. कुणीच नव्हतं."



"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, वगदीसाहेबांनी ऐकूनही उचलला नाही. दोन दिवस शिव्या घातल्या गं मी त्या भल्या माणसाला."

फोन ठेवून इनासने हात काढायच्या आत तो पुन्हा वाजला. रिसीव्हर कानाला लावत ती दाराकडे बघून ओरडली, "शेहाब, ड्रायव्हरांचे नंबर आण! घरचे नंबर, पळ!"