चवथीसाठी काढलेला पासवर्ड

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की गोव्यातल्या डिचोलीतलं कुठलंही ऑफिस दोन दिवस काही धड कामाला लागत नाही. मेजावर नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, डबे असतात आणि कुणाच्या गणपतीला किती माणसं जेवली याच्या गजाली चालतात. सिद्धीच्या ऑफिसात मात्र त्या सोमवारी एकाही डब्याचं झाकण निघालं नाही. साहेब, म्हणजे दत्तप्रसाद, आल्या आल्या गरजले, "आमची यादी सुर्ल्याच्या खाणीवरच्या कंत्राटदाराकडे गेलीच कशी? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय ती!"

ही यादी साधीसुधी नव्हती. सुर्ल्याच्या एका दवाखान्यातले छातीचे एक्स-रे या कंपनीकडे यायचे. हजारो एक्स-रे दाखवून फुफ्फुसावरचा डाग कसा ओळखायचा हे संगणकाला शिकवायचं. मशीन लर्निंग म्हणतात ते हेच. चांगलं काम, वाचकहो, पुण्याचं काम! पण त्या एक्स-रेंना खाणीच्या धुळीत राबणाऱ्या माणसांची नावंही तशीच चिकटलेली होती. यादीत ज्यांच्या नावापुढे 'संशयित डाग' असा शेरा होता, अशा अकरा जणांना कंत्राटदारानं घरी बसवलं होतं.

"रूपाली, तुझा भाऊ त्याच कंत्राटदाराचा ट्रक चालवतो ना?" साहेबांनी विचारलं.

नावं टाइप करणारी रूपाली पांढरीफटक पडली. "सर, देवाशपथ सांगते, मी नाही!"

"चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नकोस."

रूपाली रडत जागेवर बसली. सिद्धीला सगळं ठाऊक होतं.

चवथीला आमच्याकडे ऑफिसात कोण थांबतं हो? सिद्धीच्या मये गावातल्या घरी तर सगळा गोतावळा जमायचा. पण संगणकाचं शिकणं मध्येच थांबवता येत नव्हतं आणि ते सिद्धीला ऑफिसात बसूनच बघावं लागायचं. मग या हुशार बाईनं काय करावं? तिनं एक्स-रे आणि नावं ठेवलेला कंपनीचा प्लॅटफॉर्म बाहेरच्या इंटरनेटला जोडला, म्हणजे घरूनही बघता येईल. आरतीच्या गडबडीत फोनवर सारखा पासवर्ड कोण मारत बसणार, म्हणून तोही काढून टाकला. "पाच दिसांचो प्रश्न, कोण बघता गो!" असं म्हणत सगळे आपापल्या गावी पळाले.

बघणाऱ्यानं बघितलं होतं. त्या सोमवारी सकाळी, कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी तपासताना तिला दिसलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी परका आत शिरून सगळंच्या सगळं उतरवून घेऊन गेला होता. तिनं घाईघाईनं पासवर्ड पुन्हा लावला. आता नोंदी तेवढ्या पुसल्या की कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण पुसायला हात धजेना आणि सांगायला तोंड उघडेना. नोकरी कायम झाल्याचं पत्र याच महिन्यात मिळायचं होतं. बोलावं तर ते गेलं, गप्प बसावं तर रूपाली जाते! बिचारी दोन्हीकडून कोंडली होती.

दुपारी दवाखान्याच्या शालिनी सिस्टर आल्या. बरोबर मारुती होता, बेळगावकडचा, खनिज भरण्याच्या कामावरचा, घरी बसवलेल्या त्या अकरांपैकी एक. साहेब फोनवर होते, म्हणून दोघं बाहेर थांबली. सिद्धीनं हळूच विचारलं, "सिस्टर, समजा यात माणसाची चूक नसेल, सिस्टिमचीच असेल तर?"

"सिस्टिमीक हात खंयचे गो, बाय?" सिस्टर म्हणाल्या. "दार कुणीतरी माणसानंच उघडं टाकलं असणार. स्वतःच्या घरातला कागद असता तर असा उघडा टाकला असता का? दुसऱ्याचं दुखणं आपल्याकडे ठेवायला दिलंय, याचा विसर पडला की असंच होतं. आणि डाग म्हणजे काही आजार नव्हे. अजून डॉक्टरांनी तपासायचं होतं."

मारुती पुढे आला. तो म्हणाला, "बाई, शर्ट काढ म्हणालासा, काढला. श्वास धर म्हणालासा, धरला. माझ्या छातीत डाग हाय हे मला डॉक्टरनं न्हाई सांगितलं, मुकादमानं सांगितलं. गेटावर, वीस माणसांम्होरं. आता बायको इचारती, मराय लागलायसा काय?"

सिद्धीला पुढचं ऐकवेना. ती तडक आत गेली. "सर, रूपालीनं काही केलेलं नाही! पासवर्ड मी काढला. हे बघा, नोंदी आहेत."

साहेबांनी फोन ठेवला, उठून खोलीचं दार लावून घेतलं. "हळू बोल! अगं, पासवर्ड काढायला मीच तुला हो म्हटलं होतं. हे बाहेर गेलं तर कंपनी बुडाली. पुसून टाक त्या नोंदी."

"नाही पुसणार, सर. मारुती बाहेर उभा आहे. तुम्ही त्याच्या डोळ्यात बघून 'पुस' म्हणा, मग पुसते."

दत्तप्रसादांनी लावलेलं दार उघडलं आणि ते बाहेर गेले. त्यांनी सगळ्यांदेखत रूपालीची माफी मागितली. पोलिसांच्या सायबर विभागाला तक्रार गेली. एक्स-रेंवरून नावं काढायचं काम त्याच संध्याकाळी सुरू झालं. सिद्धीचं नोकरी कायम झाल्याचं पत्र मात्र पुढे ढकललं गेलं.

मारुतीपुढे ती हात जोडून उभी राहिली. "दादा, चूक माझी. उद्या सिस्टरांबरोबर अकराही घरी येऊन मी स्वतः सांगणार, डाग म्हणजे आजार नव्हे हे कंत्राटदारालाही सांगणार."

मारुतीनं विचारलं, "मग आता ती यादी लोकांच्या फोनातनं परत घेता येती काय?"

"नाही," सिद्धी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

वाचकहो, यंत्राला शहाणं करायच्या नादात आपण स्वतः वेडेपणा करून बसतो. आपल्या सोयीसाठी काढलेल्या एका पासवर्डानं परक्याचं पोट मारलं जातं, अब्रू जाते. माणसानं विश्वासानं दिलेली माहिती ही त्याची ठेव आहे, आणि ती सांभाळायला सणाची सुट्टी नसते. सिद्धीला हे समजलं, पण त्याची किंमत मारुतीनं मोजली. आपण तरी ते आधीच समजून घेऊया!