बैठकीत जागं राहायचं म्हणून

हे लिहिणारच नव्हतो. आमच्या गमदानची उलटी चव्हाट्यावर कशाला मांडायची, असं वाटत होतं. पण लिहितो.

त्या दिवशी येमेनमधल्या सनामध्ये त्याच्या दोस्ताचं, मुताहरचं लग्न. आणि सकाळीच गमदानच्या पोटात नळी घालून तपासणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेचं इंजेक्शन देते."

"नको बाई. दुपारी लग्नाची, गातची पानं चघळायची बैठक आहे. गालात पानं धरून पेंगत बसलो तर पोरं जन्मभर चिडवतील."

नळी घशाखाली गेली आणि तो असा उसळला, असा ओकाऱ्या काढू लागला, की दवाखान्यातल्या दोघा माणसांनी दाबून धरला.

नळी काढल्यावर बाई म्हणाल्या, "ओकाऱ्यांच्या जोरानं जठराच्या तोंडाशी अस्तर चिरलंय. बहुतेकदा आपोआप भरतं. पण आज इथंच थांब."

"थांबतो," म्हणाला, आणि बाईंची पाठ वळताच सटकला.

बैठकीत मुताहर हार घालून, कमरेला जंबिया, तो वाकडा खंजीर, खोचून बसलेला. "आलास? लग्न माझं, आणि तोंड तुझं का उतरलंय?"

गमदाननं पानं चघळली, रस गिळला. तो उलटून वर आला. त्यानं पीकदाणी ओढली. सगळ्यांच्या हिरव्या थुंकीवर त्याची लालभडक गुळणी पडली. त्यानं गुपचूप हातानं झाकली. मग दुसरी आली, ओंजळभर. कानात घूं घूं सुरू झालं.

शेजारचे हिज्जामकाका ओरडले, "अरे, रक्त ओकतोय हा!"

नवरदेव हारासकट उठला. गमदानला खांद्यावर टाकून गाडीत घातलं, दवाखाना गाठला.

बाई म्हणाल्या, "परत नळी घालून चिमटा लावावा लागेल. थांबत नाहीये रक्त."

"त्या नळीनंच फाडलंय मला! नाही!"

"नळीनं नाही, तू उसळलास म्हणून. आता झोपवूनच करू."

गमदाननं मुताहरची बाही घट्ट धरली. बोटं बर्फासारखी. "झोपलो आणि उठलोच नाही तर?"

"गाढवा, नाही झोपलास तर नक्कीच मरशील. मग दरवर्षी लग्नाच्या दिवशी मी तुझ्या कबरीवर येऊन बसू? बायको काय म्हणेल?"

गमदानला हसू आलं नाही. त्यानं डोळे मिटून बाईंपुढे हात केला. सुई टोचली.

"मुताहर," तो पुटपुटला, जीभ जड होत चाललेली, "डोळे उघडले ना, की पहिली शिवी तुलाच देईन. वचन."