धोंडीच्या गोठ्यातले दिवस

मैना चैत्रात काविळीने गेली. मूल आम्हाला नाही. मागे मी, तिची तांबू गाय आणि तांबूची पाडी एवढेच राहिलो. तांबू जर्सी जातीची, ती लहान असताना मैनाने धसईहून आणलेली. आता तिची पाडी मोठी करायची, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं.

आमच्या पाड्यावर सुतकातल्या घरचं दूध कोणी घेत नाही. म्हणून दुभती गाय सुतक फिटेपर्यंत दुसऱ्या भावकीच्या गोठ्यात बांधतात. शेजारचा धोंडी कोणी सांगायच्या आधीच आला आणि तांबूला घेऊन गेला. पाडीला त्याने हात लावला नाही.

"घरात एक तरी जीव राहू दे, नाम्या," म्हणाला.

मैनाने पाडीला बाटलीची सवय लावलेली होती. धोंडी रोज तांबूचं दूध आणून द्यायचा आणि मी ते पाडीला पाजायचो. त्या दिवसांत माझ्याशी बोलायला दुसरं कोणी थांबत नव्हतं.

तेरावं झाल्यावर तांबू घरी आली. धोंडीने तिला चांगली राखली होती, अंग भरलं होतं. कानांच्या मुळाशी गोचिडी दिसल्या. धोंडीच्या गावठी डांगी गाईंच्या अंगावर त्या नेहमीच असतात, तरी त्या गाई रोज डोंगर चढून येतात. मी काढल्या तेवढ्या काढल्या.

मग एका सकाळी तांबूने पेंढ्याला तोंड लावलं नाही. रवंथ बंद. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि अंग चुलीजवळच्या भिंतीसारखं तापलेलं. दोन दिवसांनी धोंडीची बायको, प्रेमा वैनी, बघायला आली. तिने तांबूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि हात पदराला पुसला.

"भावजी, बघा. पिवळं."

मी पाहिलं.

"मैनाचं असंच झालं ना? तिची गाय हाय, ती नेतेय. तुमी मधी पडू नका."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मैना गाईला न्यायला गोठ्यात येत असेल, तर माझ्या जवळूनच जात असेल, असं मनात आलं. मी खाट गोठ्यात टाकली. दिवसभर तिथेच बसून राहायचो. तांबू खोकायची, मी तिच्या पाठीवर हात ठेवायचो. डॉक्टरला बोलावलं नाही.

"आजारी गाईचं दूध पाडीला कशाला?" वैनी म्हणाली. "आमची डांगी नुकतीच व्यालीय. पाडी तिच्या थानाला लावते." पाडी तिच्यामागे उड्या मारत गेली. मी नको म्हटलं नाही.

डेअरीवाला रविंद्र दाराशी गाडी थांबवून ओरडला, "काका, दूध कुठाय? एकटेच पिताव काय?"

"पितो. तुझ्या पाण्यापेक्षा बरं."

तो हसत आत आला आणि तांबूला बघून हसायचा थांबला. त्याने तिथूनच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर भूमिका मॅडम स्कूटरवरून आल्या. ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या. मग माझा हात धरून तांबूच्या खांद्यापुढे ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी गाठ होती.

"गोचीडताप. गोचिडीतून रक्तात जंतू जातात. हिला दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात बांधली होती का?"

"सुतकात. धोंडीकडे. पण त्याच्या गुरांना काय झालं नाय."

"गावठी गुरांना लहानपणीच होऊन जातो. नंतर जंतू अंगात राहतात, पण ती धडधाकट दिसतात. गोचीड त्यांचं रक्त पिते आणि मग हिला चावते. जर्सीला हे झेपत नाही."

"माझी बायको पण काविळीने गेली, मॅडम. डोळे असेच झाले होते."

"त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, काका. माणसाला हा रोग होत नाही."

त्या औषध सिरिंजमध्ये भरत होत्या. मी वळून गोठ्यातल्या खाटेकडे पाहिलं. इतके दिवस मी तिथे कोणासाठी बसलो होतो, ते मला समजेना.

इंजेक्शन देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आधी बोलवायला हवं होतं. आता बघू या. वासरू कुठंय?"

मी सांगितलं. त्यांनी बॅग बंद करता करता माझ्याकडे पाहिलं.

"लगेच घेऊन या."

धोंडीच्या गोठ्यात पाडी डांगीच्या पोटाला टेकून बसली होती. मी तिच्या गळ्यात दोरी घातली. धोंडी वैरण टाकत होता, तो थांबला.

"कुठं नेतोस?"

"घरी. मॅडमनी सांगितलंय. तुझ्या गोचिडींनी ताप येतो."

"आमच्या गोठ्यात काय वाघ बसलाय?" वैनी म्हणाली. "तुमच्या गाईला पोटच्या पोरीसारखी ठेवली."

"ठेवलीत ना. त्यात तुमची चूक नाय."

"मग माझी गुरं कशी जित्ती?" धोंडी म्हणाला. "सांग ना. एक तरी मेलीय का?"

मॅडमनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, पण नीट जमलं नाही. सुतकात माझ्या दाराशी रोज आलेला हा एकटाच माणूस. त्याने पेंढा खाली टाकला आणि पाठ फिरवली.

तांबू दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. धोंडी कुदळ घेऊन आला आणि त्याने माझ्याबरोबर खड्डा खणला.

पाडीला मी गोठ्यात नेलंच नाही. अंगणातल्या आंब्याखाली बांधली. तिच्या कानांतून, शेपटीखालून गोचिडी काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होतो. काही इतक्या बारीक होत्या की नखाने चाचपून सापडत होत्या. त्या किती दिवस तिथे होत्या, मला माहीत नव्हतं. काही दिवस पाडी डेअरीच्या दुधाची बाटली नीट प्यायली.

मग एका सकाळी तिने बाटलीचं निपल तोंडात घेतलं आणि सोडून दिलं. दूध हनुवटीवरून खाली गेलं.

प्रेमा वैनी कुंपणापलीकडून बघत होती. ती आत आली. पाडीच्या तापलेल्या कानाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मैनाचं नाव तिने काढलं नाही.

"फोन लावा, भावजी. मी धरते हिला."

ती जमिनीवर बसली आणि पाडीचं डोकं मांडीवर घेतलं. मी मॅडमचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. मी परत लावला.