माझ्या पानांची वेणी

मित्रांनो, मी एक जुना कांदा आहे; पण भजीचा नव्हे. मला खाल तर दोन दिवस पोट धरून बसाल. मी डॅफोडिलचा कांदा. वेल्समधल्या एका टेकडीवर, मेरेरिदच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चौतीस वर्षं जमिनीत आहे.

तिने लावलं तेव्हा मी लसणाएवढा होतो. पहिल्याच वसंतात असा पिवळाधमक फुललो, की पलीकडच्या मेंढ्या ऊन पडलं समजून माझ्याकडे पाठ करून शेकत बसल्या. खोटं वाटत असेल तर मेंढ्यांना विचारा. शेजारचे क्रोकस माझ्याआधी उमलायचे, पण त्यांच्याकडे कुणी शेकायला गेलं नाही.

फूल सरलं की माझी पानं लोळायची, पिवळी पडायची. गबाळी दिसायची खरी, पण त्या पानांनी ऊन खाल्लं तरच पुढच्या वर्षीचं फूल माझ्या पोटात धरतं. तिचा नवरा इदवल कातर घेऊन आला की ती खिडकीतून ओरडायची, "कापशील तर बघ! तुझ्या पुढ्यातलं ताट ओढते का मी कधी?"

चार वर्षांपूर्वी मेरेरिद गेली. इथे ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोक आपल्या माणसांची थडगी घासूनपुसून फुलांनी सजवतात. पहिल्या वर्षी इदवलने माझी अकरा फुलं तिला नेली. परत आला, गुडघे टेकले, माझ्या हिरव्यागार पानांच्या वेण्या घातल्या आणि दोऱ्याने गच्च आवळल्या.

शेजारची बेती कुंपणावरून म्हणाली, "बायको होती तेव्हा एवढी टापटीप नव्हती रे!"

"कापायचं नाही म्हणायची ती," इदवल म्हणाला. "मी कुठे कापतोय? बांधतोय."

दुसऱ्या वर्षी चार फुलं आली. तिसऱ्या वर्षी एक.

यंदा त्या रविवारी तो पाण्याचा डबा घेऊन आला. एकेक पान बाजूला सारून शोधत राहिला.

"अरे, दुकानातून एक जुडी घे," बेती म्हणाली. "पिवळी ती पिवळीच."

"दुकानातली तिला ओळखतील का?" तो म्हणाला. मग माझ्याशी पुटपुटला, "माझंच लक्ष कमी पडलं बघ." खिशातून दोरा काढला. यंदाची वेणी सगळ्यांत घट्ट.

मित्रांनो, तुमच्या बागेतली पानं लोळू द्या. आणि कधी त्या टेकडीवर गेलात, तर इदवलला एवढंच सांगा, की दोरा सोड. पण लवकर जा. मी पुन्हा लसणाएवढा झालोय.