फुटक्या काचेवरची दंगल

मी एक फोन बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरीच माणसं बोलत असतात आणि मला निमूट ऐकावं लागतं. आज घरात कोणी नाही, पोटात चार्जिंग भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर मला बढाई मारायची आहे. धुळ्याच्या भरल्या हॉलमध्ये मी जे केलं, ते करून दाखवणारा दुसरा फोन अख्ख्या खानदेशात असेल तर त्याने पुढे यावं!

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथली आठवण म्हणाल तर पांढरे हातमोजे आणि गार हवा, बस. गार हवेचं सुख तिथेच संपलं, कारण मी आलो तो थेट जळगावला, तोही मे महिन्यात.

दुकानातून मला दिपमालाने घेतलं. तिने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. सोबत तिची आई होती, ताईबाई. ताईबाईने मला तळहातावर उलटंपालटं केलं, बोटाच्या टोकाने माझी कड चाचपली आणि मान हलवली. इतकं हलकं आणि इतकं नेमकं बोट मला पुन्हा कोणाचं लागलं नाही. ती डाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला होती, हे मला नंतर कळलं. वीस वर्षं ती आणि तिची मैत्रीण रईसा शेजारी शेजारी बसून तुरीच्या डाळीतले खडे काढायच्या. गप्पा एकीकडे, नजर दुसरीकडे आणि बोटं आपली डाळीत.

दिपमालाने मला चार वर्षं वापरलं. अभ्यास थोडा, गाणी फार. आणि एक खेळ, मुक्का-दंगल. दोन पैलवान समोरासमोर, एकमेकांना बुकलून काढायचं. मला हा खेळ आवडायचा, पण माझी त्यात फार बेअब्रू व्हायची. दिपमाला मला दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी खेळायची. अंगठे माझ्या काचेवर इकडून तिकडे घसरायचे. लाथ मारायची तर उडी पडायची, उडी मारायची तर पैलवान नुसताच बसायचा. आणि शिव्या मला!

यात माझा काय दोष? माझ्या अंगाला ना उंचवटा, ना खाच. ज्यांच्याकडे कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा बटणांचा ठोकळा, असतो त्यांच्या बोटाला बटण लागतं, दबतं, टक् वाजतं. मी पडलो गुळगुळीत. बटण कुठे आहे ते बोटाला सांगायची माझ्याकडे सोयच नाही.

मग एकदा मी जिन्यावरून पडलो. काचेला तडा गेला आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातली बोटभर जागा बधिर झाली. दिपमालाने दुसरा फोन घेतला आणि मला फडताळात टाकलं. गल्लीत दर आठवड्याला भोंगा लावून टबवाला यायचा. ‘जुना, बंद, फुटका मोबाईल द्या, प्लॅस्टिकचा टब घ्या!’ तो भोंगा ऐकला की माझी बॅटरी आपोआप उतरायची. चार वर्षं घरात काढली आणि शेवटी आपली किंमत एक टब!

त्याच सुमारास मिलमध्ये रंग ओळखणारं मशीन आलं. डाळ वरून ओतायची, खडा दिसला की मशीन फुंकर मारून बाजूला करतं. मुनीमजींनी निवडणाऱ्या बायांना बोलावून सांगितलं, “आता बोटांचं काम राहिलं नाही.” ताईबाई आणि रईसा डबा घेऊन दुपारीच घरी आल्या.

त्यानंतरची ताईबाई मला बघवत नव्हती. दुपारी ती ओट्याला टेकून बसायची आणि मांडीवर तिची बोटं आपोआप चालायची, मांडीवर डाळच नसताना. किराण्यातून आणलेली पाकिटातली डाळ ती दोन दोनदा निवडायची. एकही खडा निघायचा नाही आणि तिचा चेहरा उतरायचा.

अशाच एका दुपारी भोंगा आला. दिपमालाने मला फडताळातून काढलं. जाता जाता एकदा दंगल खेळून बघावी म्हणून ती आईशेजारी बसली आणि नेहमीसारखी मार खाऊ लागली. ताईबाईने थोडा वेळ बघितलं, मग तिला राहवेना.

“अंगठा काय नाचाडी ऱ्हायनी? दाळ कोनी अंगठावर निवडस का?”

तिने मला हातातून काढून घेतलं आणि पालथ्या परातीवर आडवं ठेवलं. दहाही बोटं माझ्यावर अलगद टेकवली, जशी ती डाळीवर टेकवायची.

“मना बोट जठे पडतस, तठे तुना बटन आन.”

दिपमालाने खेळाची सेटिंग उघडली. खेळात बटणं सरकवायची सोय होती. ती इतकी वर्षं तशीच पडून होती, कोणी वापरलीच नव्हती. कंट्रोलरवर बोटांना बटणाकडे जावं लागतं. माझ्यावर बटणंच बोटांकडे आणता येतात! दिपमालाने एकेक बटण सरकवत आईच्या बोटाखाली नेलं. बधिर कोपरा सोडून दिला. उजव्या अर्ध्या भागात कुठेही बोट वर उडवलं की पैलवानाचा मोठा ठोसा बसायचा. ते ताईबाईला शिकवावं लागलं नाही. खडा सुपाबाहेर उडवायचं बोट ते, तिने वीस वर्षं तेच केलं होतं.

पहिल्या दिवशी ती हरली, दुसऱ्या दिवशीही. हातातल्या बांगड्या मध्येच काचेला लागायच्या, मग तिने त्या कोपरापर्यंत वर सारल्या. आठवड्याने दिपमाला तिच्यापुढे टिकेना. महिन्याभराने कॉलेजच्या पोरी येऊन हरून जायला लागल्या. मुख्य म्हणजे ती माझ्याकडे बघायचीच नाही. म्हणजे बटणांकडे नाही, नजर सगळी समोरच्या पैलवानावर. बोटं माझ्यावर आणि तोंडाने रईसाशी गप्पा. मी धन्य झालो होतो, दुसरा शब्द नाही.

मग धुळ्याच्या स्पर्धेची बातमी आली. सगळ्या खानदेशासाठी खुली. नावनोंदणी जळगावात प्रेमराजच्या गेमिंग हॉलवर होती. दिपमाला आईला घेऊन गेली. प्रेमराजला वाटलं मुलगी खेळणार. आई खेळणार म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या तड्याकडे बघितलं.

“कंट्रोलर कुठे आहे, अक्का?”

“नही शे.”

“फायटिंग गेम टचवर होत नाही हो,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “नियमात बसतं, मी नाव घेईन. पण उगाच हसं होईल. हे नुसत्या बोटांचं काम नाही.”

बोटांचं काम नाही, हे ती दुसऱ्यांदा ऐकत होती. मी तिच्या हातात होतो, तिची पकड घट्ट झालेली मला कळली. “नाव लिख,” ती म्हणाली.

घरी आल्यावर दिपमालाच घाबरली. “आई, हसले तर? सोड ना. हा फोन टबवाल्याला देऊन टाकू.”

“मी हारनू त दी टाकजो त्याले,” ताईबाई म्हणाली. “मंग मी बी बोट मांडीवर ठी बठसू. पन आते नही.”

झालं. माझा टब आणि तिची बोटं, दोन्ही पणाला लागली.

आम्ही एसटीने धुळ्याला गेलो, ताईबाई, दिपमाला, रईसा आणि पिशवीत मी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, उन्हाने खिडकीची दांडी हात लावू देईना. हॉलमध्ये तर भट्टीच होती. शंभरेक पोरं, सगळ्यांकडे कंट्रोलर. ताईबाईने पिशवीतून परात काढून पालथी घातली आणि मला वर ठेवलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “अक्का, पोळ्या लाटणार का?” सगळे हसले. पंधरा मिनिटांनी तोच पहिला हरून उठला. मी नाव विचारून ठेवलं नाही, एवढं मोठं मन माझं.

एकामागून एक सहा जण गेले. हसणं कधी थांबलं मला कळलं नाही, पण शेवटच्या लढतीला पोरं खुर्च्या सोडून आमच्या परातीभोवती उभी होती.

समोर धुळ्याचा तनवीर होता. शांत, सभ्य पोरगा, गेल्या दोन स्पर्धा जिंकलेला. त्याचा पैलवान लोखंडी होता, डोळ्यांत लाल दिवा असलेला यंत्रमानव. मोठ्या पडद्यावर तो आला आणि ताईबाई पुटपुटली, “हाई तीच मशीन शे वं, रईसा.”

रईसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “वीस साल खडे निकाले अपन ने. ये तो एक ही है.”

तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजेता. पहिली आम्ही हरलो, आणि तीही माझ्यामुळे. उकाड्याने ताईबाईची बोटं घामेजली आणि ओल्या काचेवर मला कळेना कुठलं बोट कुठे टेकलं. ठोसा सांगितला तर मी उडी मारली. लोखंड्याने आमच्या पैलवानाला तुडवलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. प्रेमराज पंच होता. त्याने मान हलवली ती मी बघितली.

ताईबाईने पदराची गाठ सोडली. आत डाळीचा भुगा होता, मिलमधला, शेवटच्या दिवशी बांधून आणलेला. चिमूटभर घेऊन तिने बोटांना चोळला, घाम टिपला गेला, आणि माझी काच पदराने पुसली. कॅरमवाले पावडर लावतात तसंच, कोणाला हरकत घेता आली नाही.

दुसरी फेरी मी काय सांगू! कोरडी बोटं काचेवर पडत होती आणि उठत होती, एक ना चुकलं, ना घसरलं. तनवीरच्या अंगठ्यांनाही घाम होता, त्याची बटणं चिकटत होती. फेरी आमची.

तिसरीत दोघांची ताकद संपत आली होती. समोरच्याला एकच मोठा ठोसा पुरे, आम्हालाही. आणि नेमकं तेव्हा मी तापलो. तडा कर्रकन वर सरकला आणि बधिर जागा पसरली. मुक्क्याचं बटण त्यात गेलं. ताईबाईने बोट टेकलं, मला काही कळलंच नाही. पुन्हा टेकलं, काही नाही. मला ओरडावंसं वाटत होतं की तिथे मी नाही, वर ये, वर! लोखंड्याने हात मागे घेतला.

ताईबाईने खाली बघितलंसुद्धा नाही. बटण गेलं हे तिच्या बोटाला कळलं होतं. ते बोट दोन पेरं वर सरकलं आणि सवयीने, खडा उडवावा तसं उडालं.

“खडा शे. उडाई देस,” एवढंच ती म्हणाली.

ठोसा लोखंड्याच्या हनुवटीवर बसला. लाल दिवा विझला, तो उताणा पडला. हॉलमध्ये जो कल्ला झाला त्याने माझा माइक फाटायची वेळ आली! रईसा रडत होती, दिपमाला नाचत होती, पोरं “अक्का! अक्का!” म्हणून ओरडत होती. ताईबाई आपल्या दहा बोटांकडे बघत बसली होती.

प्रेमराजने तिचा हात वर केला. “चुकलो, अक्का,” तो माइकवरून म्हणाला. “टचवर होतं.”

तनवीर परातीशी येऊन वाकला. “अक्का, ते बोट कसं उडवता? मला शिकवाल?”

“जयगावले ये, भाऊ. पहिले दाळ निवडाले बठ.”

आणि तो खरंच जळगावला येतो, दर रविवारी.

बक्षीस म्हणून चकचकीत खोक्यात काय मिळालं असेल? नवाकोरा कंट्रोलर. मी मनातून चरकलो. पुढच्या आठवड्यात गल्लीत भोंगा वाजला आणि ताईबाई उठली तेव्हा तर माझा जीव अर्धा झाला. तिने फडताळ उघडलं, मला बाजूला सारलं आणि खोकं उचललं.

“आई, काय करतेस!” दिपमाला किंचाळली.

“नवाकोरा शे,” ताईबाई टबवाल्याला सांगत होती. “मोठा टब दे. आनि झाकन बी.”

तेव्हा माझ्या बदल्यात यायचा होता तो टब शेवटी घरात आला, आणि मीही घरातच आहे. टब पालथा घातला की माझं सिंहासन. दुपारी मिलमधून घरी बसलेल्या बाया येतात, त्याच्याभोवती गोल बसतात. मुक्क्याचं बटण आता आणखी वर नेलंय. रईसा ते ठोकते तेव्हा मला जरा दुखतं, पण मी तक्रार करत नाही.

माझा तडा दिवसेंदिवस वाढतोय. कधीतरी सगळाच बधिर होईन, ते मला ठाऊक आहे. तोवर तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या फडताळात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, आणि घरात कोणाची बोटं रिकामी बसली असतील, तर भोंगेवाल्याला हाक मारण्याआधी त्या दोघांना एका पालथ्या परातीवर भेटवा. बटणं मात्र बोटांजवळ न्या.

दार वाजलं. ताईबाई आली, बाया आल्या. चला, मला टबावर बसायचंय.